आजीची कालगणना

माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३५ अशी छापलेली होती. मतदार ओळखपत्रावर ती दोन वर्षांनी लहान होती आणि जुन्या रेशनकार्डावर काही वर्षांनी मोठी. यांपैकी एकही आकडा खरा नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. माहिती घ्यायला आलेल्या माणसाने तिच्या चेहऱ्याकडे पाहून जे वाटले ते लिहिले होते. २०२३ च्या जानेवारीत ती गेली, तेव्हा मृत्यूच्या नोंदीसाठी वय विचारले गेले आणि वडिलांनी आधार कार्डाप्रमाणे अठ्ठ्याऐंशी सांगितले. सरकारदरबारी तेच राहील. पण आमच्या हिशेबाप्रमाणे ती एक्क्याण्णव वर्षे पूर्ण करून गेली, आणि हा हिशेब मांडायची रीत तिचीच होती.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. सन, तारीख, महिना हे शब्द तिच्या बोलण्यात क्वचितच येत. काळ मोजायला तिच्याकडे पावसाची नक्षत्रे होती, पिकांचे हंगाम होते, सण होते, आणि सातारा जिल्ह्याने तिच्या हयातीत जे जे सोसले ते सगळे होते. कोण कधी जन्मले, कोणाचे लग्न कधी झाले, कोणती म्हैस कोणाकडून आणली आणि ती पहिल्यांदा कधी व्याली, हे ती इतक्या नेमकेपणाने सांगे, की पुढे आम्ही कागदांशी ताडून पाहिले तेव्हा चूक बहुतेक वेळा कागदांची निघाली.

तिच्या स्वतःच्या जन्माचेच घ्या. तिच्या आईने तिला एवढेच सांगितले होते, की मृगाचा पाऊस होऊन गेला होता, रानात भुईमुगाची टोकणी चालली होती आणि धोंड्याचा महिना होता. टोकता टोकता कळा सुरू झाल्या म्हणून बाई घरी आली आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. एवढ्यावरून साल काढता येईल असे मला कधी वाटले नव्हते. पण अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदाच येतो आणि दर खेपेला तो वेगळ्या ऋतूत पडू शकतो. मी जुन्या पंचांगांचे तक्ते काढून बसलो. १९२८ साली अधिक श्रावण होता, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तोपर्यंत भुईमूग चांगला हातभर वर आलेला असतो. १९३४ साली अधिक वैशाख होता. भर उन्हाळ्यात कोणी टोकणी करत नाही. मधल्या १९३१ साली मात्र अधिक आषाढ होता, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. मृग संपत आलेला, आर्द्रा लागायच्या बेतात, जमिनीला वाफसा आलेला. कराड तालुक्यातल्या तिच्या माहेरी टोकणी याच दिवसांत होते. मी तिला हे सगळे समजावून सांगितले आणि तू १९३१ सालची आहेस असे म्हणालो, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘मंग म्या काय येगळं सांगत व्हते?’’

तिच्या लग्नानेही या सालाला दुजोरा दिला. तिचे लग्न ‘गांधी लग्न’ होते. साताऱ्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले, ते ब्रिटिशांच्या यंत्रणेशी जसे लढले तसेच गावोगावच्या सावकारीशी, दारूशी आणि लग्नातल्या उधळपट्टीशीही लढले. कर्ज काढून लग्न करायचे नाही, देणेघेणे करायचे नाही, थोडक्या माणसांत आणि थोडक्या खर्चात लग्न उरकायचे, असा तो दंडक होता. आजीच्या लग्नात वाजंत्री नव्हते. गळ्यात सुताचे हार होते आणि आलेल्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले गेले. हे सांगताना तिच्या स्वरात कमीपणा कधीच नसे. उलट पुढे घरातल्या एखाद्या लग्नाचा खर्च वाढू लागला, की ती सर्वांदेखत म्हणे, ‘‘माझ्या बापानं एका पैचं रीण केलं न्हाई.’’ त्या एका वाक्याने आमच्या घरातल्या दोन लग्नांचे मांडव तरी लहान झाले. लग्नाच्या वेळी तिला चौदावे नुकते संपले होते असे ती सांगे. १९३० पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले होते, त्याच्याशी आणि प्रतिसरकारच्या काळाशी १९४५ हे साल जुळते. अशा रीतीने ती कराडच्या सपाटीवरून पाटण खोऱ्यात, जिथे पाऊस सुरू झाला की चार महिने थांबत नाही अशा मुलखात, नांदायला आली.

तिच्या मुलांच्या वाढदिवसांची गोष्ट या भागातल्या अनेक घरांची गोष्ट आहे. शाळेत नाव घालायला नेले की गुरुजी १ जून ही जन्मतारीख टाकत, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर भरे. आमच्या घरात दाखल्याप्रमाणे वडील, दोन्ही काका आणि धाकटी आत्या या चौघांचाही जन्म १ जूनचा. आजीला हे मुळीच मान्य नव्हते. तिच्या लेखी थोरले काका सुगीत झालेले होते, धाकटे काका दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री, आत्या महाशिवरात्रीच्या उपवासाला, आणि माझे वडील तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. एवढेच नव्हे, तर वडिलांच्या बाबतीत सालही चुकले आहे असे ती ठामपणे सांगे. दाखल्यावर १९५८ होते. आजीचे म्हणणे असे, की १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला, त्या रात्री गावात मशाली घेऊन मिरवणूक निघाली होती आणि ती उंबऱ्यात उभी राहून पाहत असताना वडील तिच्या लुगड्याला धरून नुकते उभे राहायला लागले होते. पावणेदोन वर्षांचे मूल लुगडे धरून उभे राहत नाही, ते अंगणभर पळते. म्हणजे जन्म १९५९ च्या जुलैतला. गुरुजींनी वय वाढवून लिहिले, कारण थोरल्या भावाबरोबर त्यालाही शाळेत बसवायचे होते.

वडील पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. दाखल्याप्रमाणे वयाची अठ्ठावन्न वर्षे भरली म्हणून ३१ मे २०१६ रोजी ते निवृत्त झाले. त्या दिवशी हार-तुरे घेऊन ते घरी आले, तेव्हा आजी ओसरीवर बसलेली होती. तिने त्यांच्या हातातला नारळ घेतला, बाजूला ठेवला आणि बरोबर आलेल्या सहकाऱ्यांना म्हणाली, ‘‘सायबाला सांगा, माझं पोर वरसानं ल्हान हाय.’’ सगळे हसले. ती हसली नाही. सत्तावन्न वर्षांनंतरही तिला आपल्या मुलाचे एक वर्ष कोणी तरी काढून घेतल्यासारखे वाटत होते, आणि ते खरेच होते.

तिच्या कालगणनेतला सर्वांत मोठा दगड म्हणजे भूकंप. ‘भूकंपाच्या आदी’ आणि ‘भूकंपाच्या मागनं’ असे तिच्या आयुष्याचे दोन भाग होते. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. ही वेळ मला पुस्तकांतून कळली. तिला ती जात्यावरून ठाऊक होती. त्या काळी दळण पहाटेच बसायचे. घरातले सगळे झोपलेले, चिमणीचा उजेड, ती एकटी जात्यावर बसलेली. जाते फिरते तेव्हा त्याची एक घरघर असते, ती जमिनीतून मांडीपर्यंत येते आणि दळणाऱ्या बाईला तिची इतकी सवय झालेली असते की ती ऐकूही येत नाही. त्या पहाटे घरघर वाढली. तिला वाटले जात्यात खडा आला. तिने खुंटा धरून जाते थांबवले, आणि जाते थांबले तरी आवाज थांबला नाही.

हे वाक्य तिने मला किती वेळा सांगितले असेल, आणि दर वेळी ते सांगताना तिची उजवी मूठ खुंटा धरल्यासारखी वळत असे. पुढचे ती भराभर सांगे. पीठ भरल्या हातांनी तिने धाकट्या आत्याला वाकळेसकट उचलले, थोरल्या आत्याच्या पाठीत धपका घालून तिला उठवले आणि पोरांना ओढत बाहेर काढले. आजोबा गोठ्याकडे धावले. मागची भिंत पडली, कौलांचा खच झाला, एक खोंड दावणीलाच गेले. माणसे सगळी वाचली, कारण घरात एक माणूस जागे होते. कोयनानगर जवळजवळ उद्ध्वस्त झाले आणि या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली काही तिच्या नात्यातली होती. पुढचे कित्येक महिने लहान लहान धक्के बसत राहिले आणि हे कुटुंब गावाबाहेर पत्र्याच्या खोपटात राहिले. त्या खोऱ्यात धक्के अजूनही बसतात. आम्ही शहरातून गेलेली नातवंडे दचकून उठत असू. आजी भांड्यांच्या फळीकडे पाहून अंदाज घेई आणि ‘‘बारका हाय’’ म्हणून कूस बदले.

पुढे गावात पिठाची गिरणी आली, तरी जाते तिने मोडीत काढू दिले नाही. त्या जात्याने आपल्याला जागे ठेवले म्हणून पोरे वाचली, अशी तिची धारणा होती, आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल ती फार बोलत नसे. आमच्या खोऱ्यात निदान प्यायला पाणी होते. तिची धाकटी बहीण माण तालुक्यात दिलेली होती, तिथे दोन वर्षे रानात काही उगवले नव्हते. ती चार पोरांना घेऊन आमच्या घरी आली आणि पुढचा पाऊस पडून पेरणी होईपर्यंत राहिली. बहिणीने दुष्काळी कामावर खडी फोडली होती, तिच्या हातांच्या भेगा आजी रात्री तेल लावून चोळून देई. रेशनवर मिळणारी लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची नावे मी प्रथम तिच्या तोंडून ऐकली. नऊ-दहा माणसांच्या घरात आणखी पाच माणसे वर्षभर जेवली, तेव्हा धान्य कसे पुरवले, असे मी एकदा विचारले. तिने मापे सांगितली. रोजच्या भाकरीचे पीठ मापट्याने मोजून घ्यायचे आणि त्यातले मूठभर परत मडक्यात टाकायचे. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. किलो या वजनाशी तिने अखेरपर्यंत फारसे सख्य केले नाही. पैशाचेही तसेच. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, पण तिच्या तोंडी चार आणे, आठ आणे, बारा आणेच राहिले. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले, तेव्हा तिच्या डब्यात ती बरीच साठलेली होती. तिने ती बदलून आणायला दिली नाहीत. नव्याने जन्मलेल्या पतवंडाच्या मुठीत त्यांतले एक ठेवायचे, हे तिने ठरवून टाकले आणि पाळलेही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जनगणना झाली. मी योगायोगाने गावी होतो. प्रगणक म्हणून वडिलांच्या ओळखीचे एक शिक्षक आले होते. ओसरीवर घोंगडे टाकून ते बसले आणि त्यांनी भला मोठा तक्ता मांडीवर पसरला. वडील स्वतः शिक्षक, अशी कामे त्यांनीही केलेली, त्यामुळे उत्तरे तेच भराभर देत होते. कुटुंबप्रमुख अमुक, घरात माणसे अमुक. आजीच्या रकान्यापाशी आल्यावर गुरुजींनी विचारले, ‘‘आईंना मुलं किती?’’ वडील म्हणाले, ‘‘पाच. तीन भाऊ, दोन बहिणी.’’

आजी आत चुलीपाशी होती. ऐकू कमी येते म्हणून आम्ही तिच्याशी मोठ्याने बोलत असू, पण हे तिला ऐकू आले. ती भिंतीला धरत बाहेर आली, उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, ‘‘सात. सात लिव्हा गुरुजी.’’

वडील गप्प झाले. आपल्याला आणखी दोन भावंडे होती हे त्यांना माहीत होते, पण त्यांच्या जन्माआधीच ती गेलेली, त्यांना त्यांनी पाहिलेले नव्हते. एक मुलगी देवीच्या आजाराने गेली, चांगली खेळती-बागडती होऊन. आणि त्यानंतरचा एक मुलगा, जो बाराव्याच्या आतच गेला, त्यामुळे त्याला नाव ठेवायचे राहून गेले. गुरुजींनी क्षणभर तक्त्याकडे पाहिले आणि मग अगदी आदराने म्हणाले, ‘‘आई, दोन्ही लिहायचं असतं. आता हयात किती, आणि एकंदर जन्मलेली किती. इथं पाच आणि इथं सात.’’ त्यांनी तो कागद तिच्याकडे वळवून दोन्ही रकान्यांवर बोट ठेवले. तिला अक्षर येत नव्हते, तरी तिने वाकून पाहिले, आणि ‘‘ह्ये सात का?’’ असे विचारून त्या आकड्यावर स्वतःचेही बोट ठेवले. मग ती उठून आत गेली.

जनगणनेचा तक्ता तयार करणाऱ्या कोणा माणसाने लोकसंख्येच्या अभ्यासासाठी तो वेगळा रकाना ठेवला असणार. जन्मदर आणि बालमृत्यू यांचे गणित त्याशिवाय होत नाही. पण सरकारने आयुष्यात तिला विचारलेला हा बहुधा एकमेव प्रश्न, ज्याचे उत्तर फक्त तिलाच पुरते ठाऊक होते. त्या दिवसानंतर वडिलांना कोणी भावंडे किती असे विचारले, की ते आम्ही सात असे सांगतात. मीही तसेच सांगतो.

शेवटची चार-पाच वर्षे तिला सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नसे. माझ्या मुलीला ती माझी धाकटी बहीण समजे. परंतु जुन्या काळाचा तिचा हिशेब अखेरपर्यंत हलला नाही. २०२० मध्ये करोनाची साथ आली, गावाची वेस बंद झाली आणि आम्ही सगळे घाबरून तिला फोनवर सूचना देत होतो, तेव्हा तिने सांगितले, की तिच्या आईच्या लहानपणी मानमोडी आली होती आणि एका घरातून एका आठवड्यात दोन तिरड्या निघाल्या होत्या. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तिच्या आईने पाहिलेले, तिने ऐकलेले आणि माझ्या मुलीने फोनवरून ऐकलेले, असे शंभरहून अधिक वर्षांचे अंतर त्या एका दुपारी भरून निघाले. माणूस दीर्घकाळ जगतो तेव्हा त्याचे वय मोजताना या पुढच्या-मागच्या वर्षांचीही मोजदाद व्हायला हवी असे मला वाटते. त्या हिशेबाने आजी एक्क्याण्णवपेक्षा बरीच मोठी होती.

ती गेल्यावर मी एक वही केली. घरातल्या प्रत्येकाचे जन्म, लग्ने, मृत्यू, सगळे तिने सांगितलेल्या खुणांसह लिहायचे, आणि शेजारी काढता येईल ते साल. ‘तरणा पाऊस, संयुक्त महाराष्ट्राच्या आदल्या वर्षी’ असे वडिलांपुढे लिहिले आहे आणि त्यापुढे जुलै १९५९. बाकीच्या बहुतेक ओळी भरल्या. अडले ते देवीने गेलेल्या मुलीपाशी. थोरली आत्या म्हणते, ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि थोरल्या दादाचा जन्म व्हायच्या आधीच ती गेली. थोरले काका हे ऐकून घेत नाहीत. आपण तिच्या कमरेवर बसून ओढ्यावर गेलो होतो, तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, हे आपल्याला स्वच्छ आठवते असे ते सांगतात, आणि या वयातही सांगताना त्यांचा आवाज चढतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मी दोन्ही लिहून ठेवल्या आहेत, कोणी काय सांगितले त्यासह.

माणमधली मावशीआजी अजून आहे. डोळे अधू झालेत, पण बोलणे खणखणीत आहे. थोरल्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणांना माहेरी हाताशी तीच होती. येत्या महिन्यात थोरल्या काकांना आणि आत्याला बरोबर घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे.